मामाची शेवटची पाटी

माझा मामा दुकानांच्या पाट्या रंगवायचा. आधी खडूने पुसट अक्षरं काढायची, दोन पावलं मागे जाऊन बघायची, मग त्यांवरून ब्रश फिरवायचा. खडूचं अक्षर बघूनच कोणी "छान जमलंय" म्हणालं की तो चिडायचा. "अजून मी लिहिलंय कुठे?" म्हणायचा.

पुढे छापील फ्लेक्स आले आणि मामाच्या पाट्या एकेक करून उतरल्या. हात थरथरायला लागला तसे ब्रशही कपाटात गेले. उरली एकच पाटी, समोरच्या शिंपीणबाईंच्या दुकानावरची. पण बाईंनीही गुडघ्यांपुढे हात टेकले. दुकान बंद करून घरूनच कामं घ्यायची, असं ठरलं. त्यांची वेबसाइट मी करणार होते. पाटी उतरली त्या दिवशी मामा जेवला नाही. मला काही ते बघवेना.

"मामा, वेबसाइटवर तुझंच अक्षर लावू," मी म्हणाले. "तू एकदा सगळी अक्षरं कागदावर काढून दे, मी त्यांचा फॉन्ट करते. मग बाई काहीही टाइप करोत, उमटेल तुझ्याच वळणाचं."

"हात बघितलास का माझा?"

"घाई कोणाला आहे?"

तीन महिने लागले. सकाळी हात जरा स्थिर असायचा, तेवढ्यात एखाददुसरं अक्षर व्हायचं. एकटा 'ळ' त्याने एकोणीस वेळा काढला आणि सतरावा निवडला. माझं डोकं फिरायची वेळ आली होती, पण तो सतरावा बघून मी गप्प बसले.

साइट सुरू झाली त्या दिवशी मामा इस्त्रीचा शर्ट घालून बाईंकडे गेला. मी मागोमाग. बाईंनी कौतुकाने मोबाइल पुढे केला. पानावर सगळीकडे असतं तेच साधं अक्षर होतं.

"छान आहे. वाचता येतंय," मामा म्हणाला आणि चपला घालू लागला.

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. फॉन्ट माझ्या कॉम्प्युटरवर होता, म्हणून मला दिसत होता. पानाबरोबर त्याची फाइल वर चढवायची, हेच मी विसरले होते. इतकी वर्षं हेच काम करते आणि ही अक्कल. मामाला दंडाला धरून बसवलं, पिशवीतून लॅपटॉप काढला आणि फाइल चढवली.

बाईंनी पान पुन्हा उघडलं. फाइल भलतीच जड होती, त्यामुळे ती उतरेपर्यंत आधी तेच साधं अक्षर आलं. मामाने मान फिरवली.

"अहो, बघा तरी," बाई म्हणाल्या.

पान किंचित हललं होतं आणि त्याच जागी मामाचं अक्षर उमटलं होतं. 'कपडे वेळेवर मिळतील.' बाईंनी आयुष्यात कधी न पाळलेलं वचन, पण दोन्ही 'ळ' काय झोकात उभे होते.

मामाने मोबाइल शिलाई मशीनला टेकवून ठेवला आणि दोन पावलं मागे गेला. तिथून त्याला काय दिसलं असेल देव जाणे. मग पुढे येऊन त्याने पान पुन्हा उघडायला लावलं. पुन्हा आधी साधं, मग त्याचं.

"फाइल हलकी करते," मी म्हणाले. "मग ते आधीचं दिसणार नाही."

"काही करू नकोस," मामा म्हणाला. "आधी खडू, मग रंग. मी असंच लिहितो."