याकोबाचं बोलणं

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तशी परदेशात बिशप असताना दर रविवारी मी सगळ्या मंडळीकडून पापाची कबुली म्हणवून घ्यायचो, आणि माझाही आवाज त्यात असायचा. पण मोघम. मोघम कबुलीइतकं सोपं काही नसतं.

माझा जन्म घोडेगावजवळच्या एका वस्तीवरचा. वडील हलगी वाजवायचे — जात सांगायला नको, नगर जिल्ह्यात एवढ्यावरून कळते. ख्रिस्ती झाल्यावरही त्यांनी हलगी सोडली नाही. नाताळच्या मिरवणुकीत सगळ्यात पुढे तेच. आणि तिकडे मी काय सांगितलं? माझे वडील संस्कृत पंडित होते, पोथ्या वाचता वाचता त्यांना ख्रिस्त भेटला! बिशपपदाच्या दीक्षेच्या वेळी हे छापूनही आलं. वडील तेव्हा जिवंत होते. तिथल्या गोऱ्यांना पंडित काय नि हलगीवाला काय, दोन्ही सारखेच. मग खोटं कुणासाठी बोललो? मंडळीत चार-पाच भारतीय डॉक्टरांची घरं होती, त्यांच्यासाठी. त्यांनी मला आपल्यातला समजावं म्हणून मी बाप बदलला.

पण सांगायचंय ते हे नाही. हे निदान माझ्यापुरतं होतं.

याकोब आमच्याच वस्तीवरचा, माझ्याहून वीसेक वर्षांनी लहान, इकडे पाळक झालेला. तिकडे माझ्या हाताखालच्या एका छोट्या चर्चला पाळक हवा होता, त्यानं अर्ज केला. निवड समितीनं त्याला प्रवचन करून दाखवायला बोलावलं. त्याचं इंग्रजी — खडबडीत. पण घोडेगावच्या बाजारात विकलेली शेळी दावं तोडून जुन्या दारात कशी परत येते, हे त्यानं सांगितलं. म्हणाला, आपण देवाला विकून टाकतो, तरी तो असाच परत येतो. समोरची माणसं डोळे पुसत होती. माझ्या प्रवचनाला कधी कुणी डोळे पुसले नव्हते. हेही इथं लिहून ठेवतो.

नंतर तो हात जोडून माझ्या खोलीत आला. "बिशपसाहेब, म्या हलगी तुमच्या वडलांकडनंच शिकलो. तुमचं लई नाव काढायचे. आता हितं नाताळाला आपन दोगं मिळून वाजवू!"

किती आनंदानं बोलला तो! आणि मी? चोराच्या मनात चांदणं. उद्या हा कुण्या डॉक्टरीणबाईंपुढे हेच बोलेल, एवढंच माझ्या डोक्यात.

त्याच संध्याकाळी मी अभिप्राय लिहिला — याला सभेपुढे बोलता येत नाही, मंडळी धरून ठेवण्याचा वकूब याच्यात नाही. बिशपच्या शब्दापुढे समिती काय बोलणार? रिवाजाप्रमाणे शेरा याकोबालाही गेला. फक्त समितीच्या नावानं, माझ्या नव्हे. वर मी त्याला मराठीत खासगी पत्र लिहिलं: तुझ्यासाठी फार झटलो, पण समितीनं ऐकलं नाही. केसानं गळा कापणं म्हणतात ते हेच ना?

निवृत्त होऊन मी नगरला परतलो. गेल्या महिन्यात याकोबाच्या चर्चमध्ये गेलो. त्यानं हार घातला, पुढची खुर्ची दिली. मग छापील प्रवचनांचं पुस्तक काढलं आणि ओळीखाली बोट धरून वाचू लागला. मान एकदाही वर केली नाही. लोक जांभया देत होते. शेजारची म्हातारी माझ्या कानाशी लागली, "आदी लई ग्वाड बोलायचा, साहेब. तिकडनं आल्यापासनं नुसतं वाचून दावतो."

उपासनेनंतर मी त्याला विचारलं. का विचारलं, माहीत नाही.

"मला बोलता येत न्हाई, साहेब," तो म्हणाला. त्याच्या आवाजात तक्रार नव्हती. "तुमच्या तिकडच्या शिकल्यासवरल्या लोकांनी लेखी दिलंय. तुमी लई झटला माज्यासाठी, पर खरं ते खरं. फुडल्या ऐतवारी तुमीच बोला. आमच्या लोकांना जरा चांगलं ऐकू द्या."

तोंड उघडायला याहून सोपी वेळ कोणती होती? मी "बरं" म्हणालो.

पुढच्या रविवारी मी बोललो. अर्धा तास, सत्यावर. याकोब पहिल्या बाकावर वही उघडून बसला होता, आणि सभेपुढे कसं बोलावं ते माझ्याकडून लिहून घेत होता.