समजावणीच्या बाई

आमच्या शाळेतल्या समुपदेशक बाईंनी आमच्या पंचक्रोशीतल्या जितक्या माणसांना थक्क करून सोडलं, तितक्यांना गेल्या पन्नास वर्षांत दुसऱ्या कोणी केलं नसेल. गावातले लोक त्यांना ‘समजावणीच्या बाई’ म्हणत. वास्तविक त्यांनी कधी कोणाची समजूत काढल्याचं मला आठवत नाही. उलट, समजूतदार म्हणून नावाजलेली माणसं त्यांच्या खोलीतून बाहेर पडताना भांबावलेली दिसत. मी या शाळेत मराठी शिकवतो आणि स्वभावानं जरा शिस्तीचा आहे. माझ्या टेबलावर खडूसुद्धा लांबीप्रमाणे लावलेले असतात. अशा माणसाला त्या बाई शेजारच्या खोलीत लाभाव्यात, याला मी काय म्हणू? पहिले सहा महिने मी रोज घरी जाऊन बायकोला ‘आज बाईंनी काय केलं असेल, सांग’ असं विचारायचो, आणि तिला एकदाही ओळखता आलं नाही.

आमची शाळा जवळा बाजार या गावाच्या अलीकडे, कापसाच्या रानात. बाई वसमतहून एसटीनं येत. मानसशास्त्रात एम. ए., वर समुपदेशनाचा कोर्स, आणि बोलणं मात्र ठेट वसमतच्या बाजारातलं. हेडमास्तरांनी त्यांना मोठ्या अगत्यानं एक खोली दिली. टेबल दिलं, दोन खुर्च्या दिल्या, दारावर पाटी लावली. दुसऱ्या दिवशी पाहतो तर टेबल बाहेर व्हरांड्यात, खुर्च्या त्याच्यावर पालथ्या, आणि बाई आत सतरंजीवर पाय पसरून सहावीतल्या एका पोराच्या डब्यातलं लोणचं खात बसलेल्या. मी दारातच उभा राहिलो. त्या म्हणाल्या, “या सर, बसा. चांगलंय लोणचं.” विद्यार्थ्याच्या डब्यात हात घालणारी शिक्षिका मी आयुष्यात पहिल्यांदा पाहत होतो. नंतर त्यांनी मला सांगितलं, की टेबलापलीकडून लेकरू बोलत नाही, ते उत्तर देतं. हे वाक्य मला पटलं, पण लोणच्याचं समर्थन त्यात कुठं होतं ते मला अजून सापडलेलं नाही.

त्या मुलांना ‘काय झालं?’ असं कधीच विचारत नसत. त्या मुलांशी भांडत. अगदी मनापासून, बरोबरीच्या नात्यानं. एकदा कॅरममध्ये पाचवीतल्या एका मुलीनं राणी घेतल्यावरून त्यांचं इतकं वाजलं की बाई तिच्याशी बोलेनात. हेडमास्तर मध्ये पडले तर म्हणाल्या, “आमचं आमी पाहू सर, तुमी काहून तकलीफ घेता?” आणि मग एका सकाळी प्रार्थना संपल्यावर सगळ्या शाळेसमोर पुढे येऊन त्यांनी स्वतःचे कान धरले. “परवा म्या उगाच भांडले. राणी तिचीच होती. माझं चुकलं.” मोठ्या माणसानं लहान मुलाची माफी मागायची असते हे आमच्यापैकी कोणीच कधी ऐकलेलं नव्हतं. हेडमास्तरांनी झेंड्याच्या खांबाचा आधार घेतला. पी. टी. चे सर शिट्टी तोंडात धरून ती वाजवायची विसरले. ती मुलगी मात्र तोऱ्यात म्हणाली, “ठीक हाय.” त्या आठवड्यात बाईंच्या खोलीबाहेर मुलांची रांग लागली, आणि आम्हाला उगाचच आपापल्या वागणुकीची काळजी वाटू लागली.

आठवडी बाजारात तर त्यांच्यापासून लांब राहिलेलं बरं. वांगी विकायला बसलेल्या एका बापाला त्यांनी भर गिऱ्हाइकांत सुनावलं, “तुमचं पोरगं भित्रं न्हाई. त्याला अंधारात भेव वाटते, एवढंच. त्याला हसणं बंद करा, अन् अर्धा किलो द्या, कोवळी पाहून.” तो माणूस इतका गडबडला की त्यानं एक किलो तोलली. मी पिशवी घेऊन शेजारच्या दुकानामागे सरकलो होतो, कारण माझा मुलगाही आमच्याच शाळेत होता.

पण हे सगळे धक्के किरकोळ वाटावेत असं त्यांनी एकदा केलं, आणि ते रेणुकाच्या बाबतीत.

रेणुका सातवीत होती. त्या पावसाळ्यात तिची आई नांदेडच्या दवाखान्यात वारली. बाई तेव्हा महिनाभराच्या प्रशिक्षणाला गेल्या होत्या. रेणुकाचे वडील शाळेत आले, शेतकरी माणूस, डोळे कोरडे, हातात टोपी. हेडमास्तरांना म्हणाले, “एवढं करा सर. लेकरासमोर तिच्या आईचं नाव कोणी काढू नका. नाव न्हाई निघालं तर इसरून जाईल.” आमच्याकडं ही रीतच आहे, आणि त्यात माया असते, म्हणून ती आम्ही मनापासून पाळली. मी आईवरची कविता गाळून पुढचा धडा घेतला. माता-पालक सभेच्या फळ्यावरून ‘माता’ पुसलं गेलं. मुलंही शहाणी. कोणी ‘माझी मम्मी’ म्हणायला लागलं आणि रेणुका दिसली की गप्प होई. ती आली की वर्ग गप्प, ती नळावर गेली की नळ गप्प. आमच्या या चांगुलपणाचं आम्हाला फार कौतुक होतं. आणि ती पोरगी आमच्या डोळ्यांदेखत मिटत चालली होती. आधी उत्तरं देणं बंद झालं, मग बोलणंच. खिचडीची ताटली पुढे घेऊन ती नुसती बसे. वडिलांनी ठरवलं, दिवाळीनंतर तिला पुण्याला आत्याकडं ठेवायची. इथं राहिली तर ही पोर हातची जाईल, असं ते म्हणाले, आणि त्यांचं खरं होतं.

बाई परत आल्या तेव्हा मीच त्यांना हे सगळं सांगितलं, काहीशा अभिमानानं. “म्हणजे तिची आई गेली,” त्या म्हणाल्या, “अन् वरून तुमी समद्यांनी मिळून तिचं नावबी नेलं?”

दुपारच्या सुट्टीत व्हरांड्यात पंगत बसली होती. बाई रेणुकाशेजारी मांडी घालून बसल्या आणि नेहमीच्या चढ्या आवाजात म्हणाल्या, “रेणुका, तुझ्या आईच्या हातची भाकर कशी व्हायची गं? माझी तर रोज करपते.”

खिचडी वाढणाऱ्या मावशींचा पळी धरलेला हात हवेतच राहिला. रेणुकानं एकदा बाईंकडं पाहिलं, ताटली खाली ठेवली आणि ती पळत सुटली. दप्तरसुद्धा न घेता घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली नाही. स्टाफरूममध्ये बाईंशी कोणी बोललं नाही. मीही नाही. शिकलेल्या बाईनं एवढं काळीज नसल्यासारखं वागावं, याचा मला मनस्वी राग आला होता.

तिसऱ्या दिवशी वडील आले. मागं रेणुका, दाराच्या चौकटीला टेकून. वडिलांचा आवाज माझ्या वर्गापर्यंत येत होता, म्हणून हेडमास्तर आणि मी धावत बाईंच्या खोलीशी गेलो. “दोन रोज झाले, लेकरू रडून राहिलं. एवढे दिवस डोळ्याला पाणी नव्हतं तिच्या. कोण सांगितलं होतं तुमाला?”

“व्हय, माझ्यामुळं रडली,” बाई म्हणाल्या. सतरंजीवरून उठल्याही नाहीत. “तिला सांगता न्हाई आलं. तुमी सांगा. कशी व्हायची त्यांची भाकर?”

मला वाटलं, आता हा माणूस हात उचलतो. हेडमास्तर पुढं सरसावले. पण तो खाली बसला.

“जाड,” तो म्हणाला. “लई जाड करायची. म्या रोज बोलायचो तिला. रोज. ताटावर बसलं की पहिलं तेच.” आणि तो धाय मोकलून रडायला लागला, आमच्यादेखत, टोपी तोंडावर धरून.

“माझी तर पातळ करायची,” दारातून आवाज आला. कित्येक आठवड्यांत आम्ही रेणुकाचा आवाज ऐकला नव्हता. तो इतका साधा होता की मला आधी कोण बोललं ते कळलंच नाही. ती पुढं आली. “तुमचीच जाड करायची, बाबा. म्हणायची, रानातून भुकेजून येतेत, पातळ भाकरीनं काय होते त्यांचं.”

बापानं टोपी बाजूला करून तिच्याकडं पाहिलं. एवढी वर्षं ज्या भाकरीवरून तो बायकोला बोलत होता, ती त्याच्यासाठी मुद्दाम थापलेली होती, हे त्याला आता कळत होतं. “तिनं मला काहून न्हाई सांगितलं कधी?” तो म्हणाला. “तुमी इचारलंच न्हाई,” ती म्हणाली, आणि त्याच्या मांडीशी जाऊन बसली. मग दोघं बोलत राहिले. आई गाणं म्हणताना कशी चुकायची, म्हशीला काय काय बोलायची. हेडमास्तर भिंतीकडं तोंड करून उभे होते. मी पुढच्या तासाची घंटा होऊनही वर्गावर गेलो नाही, आणि असं मी नोकरीत पहिल्यांदाच केलं. पुण्याचं जाणं त्या दिवशीच रद्द झालं.

बाईंची नेमणूक पुढच्या वर्षी संपली आणि त्यांना लांबच्या जिल्ह्यात जावं लागलं. मी त्यांना गाडीत बसवून द्यायला वसमतच्या स्टँडवर गेलो होतो. गाडीला उशीर होता. न राहवून मी म्हणालो, “बाई, तुम्हाला कधी कशाची भीती वाटली नाही, याचं मला नवल वाटतं.”

त्यांनी पिशवीचे बंद दोन-तीनदा नीट केले. “इचारतानाबी भेव वाटलंच होतं सर, अन् रेणुका पळाली तवा तर लई भ्याले म्या,” त्या म्हणाल्या. “वाटलं, पोरगी आता कायमची गेली, अन् माझ्यानं गेली. दोन रोज घास उतरला न्हाई. एवढ्या लेकरांसमोर नव्हतंच इचारायला पाहिजे. चूक होती ती. नंतर माफी मागितली म्या तिची.”

ज्या दोन दिवसांत मी त्यांना दगड समजून तोंड फिरवून बसलो होतो, ते दोन दिवस त्या पलीकडच्या खोलीत उपाशी होत्या. त्यांनी दिलेल्या सगळ्या धक्क्यांत हा मला सर्वांत जड गेला.

“एवढी भीती होती तर विचारलंत कशाला?” मी म्हणालो.

“मंग काय करता सर,” त्या म्हणाल्या. “ती कवाची वाट पाहून राहिली होती, अन् कोणीच इचारून न्हाई राहिलं.”

गाडी लागली. खिडकीची जागा मिळवण्यासाठी त्या कंडक्टरशी भांडत वर चढल्या, आणि मला त्यांना थांबा म्हणायचं होतं ते राहूनच गेलं.