माणिकरावांची दोनशे कार्डं

नार्नूरच्या बाजारगल्लीत उद्धवराव शिक्केवाल्यांचं घर होतं. घर म्हणजे पुढे दुकानाची फळी आणि मागे एक खोली. त्या फळीवर मांडी घालून उद्धवराव सागवानी ठोकळ्यावर ट्यूबचं रबर चिकटवत आणि चांभाराच्या रापीने त्यात अक्षरं कोरत. निजामाच्या राज्यात पेशकाराचा शिक्का, पटवाऱ्याचा शिक्का, सगळे उर्दूत. उद्धवरावांना उर्दूचं एक अक्षर वाचता येत नव्हतं. पण कागदावर जसं दिसे तसं उलटं करून रबरात उतरवायचं, ह्यात त्यांचा हात उटनूरपर्यंत नावाजलेला होता. निजाम गेला, इंग्रजी शिक्के आले. तेही त्यांनी न वाचताच कोरले.

मग छप्पन साली दिवाळीच्या तोंडावर हैदराबाद राज्य मोडलं. आमचा जिल्हा आंध्र प्रदेशात राहिला आणि शेजारचा राजुरा तालुका मुंबई राज्यात गेला. डोंगर तोच होता, वाट तीच होती, वाटेवरचे पळसही तेच. फक्त मध्ये एक नाका बसला. कचेरीचे शिक्के शहरातून तयार होऊन येऊ लागले आणि उद्धवरावांची फळी रिकामी पडली.

उद्धवरावांची बायको गयाबाई. बारीक अंगाची, थोडं बोलणारी. तिला लिहिता-वाचता येत नव्हतं, पण रंगाची नजर अशी की बाजारात लुगडं घ्यायचं तर बाया तिला सोबत नेत. दरवर्षी संक्रांतीला ती हौसेने कार्डं करायची. नागपूरकडची छापील संक्रांतकार्डं व्यापाऱ्यांकडे यायची, ती पाहून शिकलेली. जाड कागद आधी मिळत नसे. निजाम गेला आणि कचेरीतली उर्दू दफ्तरं रद्दीत निघाली, तेव्हा तो मिळू लागला. त्या पानांवर ती अबरी कागद चिकटवायची. वहीखात्याच्या पुठ्ठ्यावर लावतात तो, पाण्यावर रंग पसरावा तशा नक्षीचा. खळ ज्वारीच्या पिठाची, कसर लागू नये म्हणून तीत चिमूटभर मोरचूद. मधोमध पांढरी चौकट सोडायची आणि चौकटीत नवऱ्याने कोरलेला शिक्का उमटवायचा. ऊस, सुगड, कणीस, पोपट. शिक्का ठेवताना ती श्वास धरायची. उचलल्यावर सोडायची.

त्यांना एकच लेक, कुसुम. दोन वर्षांपूर्वी राजुरा तालुक्यातल्या एका गावी दिली होती, बैलगाडीने दीड दिवसाच्या वाटेवर. कुसुमलाही अक्षर येत नव्हतं. म्हणून लग्नात भांड्याकुंड्यांसोबत गयाबाईने तिला तीन शिक्के दिले होते आणि शाईची एक डबी. पोपट उमटला तर सगळं बरं आहे. सुगड उमटलं तर सणाला भेटू. आणि गाडी उमटली तर घ्यायला या. जावई पत्ता लिहून द्यायचा, उरलेलं कार्ड लेकीचं. मायलेकींचा असा पत्रव्यवहार चालायचा आणि तो दुसऱ्या कोणाला वाचून द्यावा लागत नसे, ह्याचा गयाबाईला फार अभिमान.

त्या वर्षी कुसुमला दिवस होते. पहिलं बाळंतपण माहेरी, ही रीत. मार्गशीर्षात सातवा लागला की गाडी जोडून तिला आणायचं ठरलं होतं. विहीण वच्छलाबाईंनीही निरोप धाडला होता की पौषाच्या आत घेऊन जा, पौषात लेकीसुनांची ने-आण करत नाहीत.

मार्गशीर्ष लागता लागता माणिकराव फळीवर येऊन बसले. कापसाचे व्यापारी. त्यांची निम्मी गिऱ्हाइकं राजुऱ्याकडची, आणि ती आता दुसऱ्या राज्यात गेली होती. नाका बसला म्हणून लोकांनी आपल्याला विसरू नये, ह्याची त्यांना काळजी. म्हणाले, ह्या संक्रांतीला प्रत्येकाला गयाबाईच्या हातचं कार्ड गेलं पाहिजे. दोनशे कार्डं, मार्गशीर्ष सरायच्या आत. उद्धवरावांच्या हाताला महिनाभर काम नव्हतं. त्यांनी बायकोकडे पाहिलं. गयाबाईने मान हलवली.

काम सुरू झालं. उद्धवराव कागद कापायचे, नवा शिक्का कोरायचे. गयाबाई खळ लावायची, उमटवायची, वाळत टाकायची. खोलीभर, उतरंडीवर, बाजेवर, सगळीकडे रंगीत कागद. पाय ठेवायला जागा नव्हती. गल्लीतल्या बयनाबाईने दारातून पाहिलं आणि म्हणाली, लेकीच्या बाळंतपणाला खोली सारवायची सोडून ही व्यापाऱ्याचा मांडव सजवून राह्यली. गयाबाई हसली.

तिसऱ्या बाजाराच्या दिवशी डाकवाला कुसुमचं कार्ड देऊन गेला. त्यावर गाडी उमटलेली होती. एकदा नाही, तीनदा, एकीखाली एक. तिसरी इतकी दाबून उमटवली होती की शाई फुटून चाकांच्या बाहेर गेली होती.

उद्धवरावांनी तिन्ही गाड्यांवरून बोट फिरवलं. मग म्हणाले, "मी एकटाच जातो. उद्या पहाटे गाडी जोडतो."

"बाईमाणूस सोबत नाई, अन् तशी पोर दगडाधोंड्यातून आणसान?" गयाबाई म्हणाली. "कागद कोन कापीन? अर्धं काम राह्यलं."

"तीनदा उमटवलं तिनं."

"तिले घाई लागली माहेराची. आपण काय बसून राह्यलो का? आठ दिवसांत हे उरकते, मंग दोघंही जाऊ."

आठ दिवसांत उरकलं नाही. एका रात्री बाहेर फळीवर वाळत टाकलेल्यांवर दव पडलं, साठ कार्डांचा रंग उतरला, ती पुन्हा करावी लागली. गयाबाईला डाग पडलेलं कार्ड द्यायला जमायचं नाही. माणिकराव चालवून घेतील, असं उद्धवराव म्हणाले, तर ती म्हणाली की माझ्या हाताखालून असं जाणार नाही. दोनशेवं कार्ड वाळलं त्या दिवशी अमावास्या होती. दुसऱ्या दिवशी पौष.

उद्धवराव तरीही निघायचं म्हणत होते. गयाबाईने बोटांवर महिने मोजले. दिवस माघ सरता सरता भरतात. पौष एक महिन्याचा. पौषात लेक आणून तिच्या बाळाला काही बाधलं तर जन्मभर बोल लागेल. मग तिने उरलेल्या अबरीतला सगळ्यात सुंदर तुकडा काढला, निळा-लाल, मोराच्या गळ्यासारखा, आणि लेकीसाठी कार्ड केलं. मधोमध सुगड उमटवलं. संक्रांत होऊ दे, पौष सरला की येतो. माणिकरावांच्या दोनशेंसोबत तेही डाकेत गेलं.

संक्रांत आली. गयाबाईने सुगडं पुजली, गल्लीतल्या बायांना हळदीकुंकू लावलं, तीळगूळ वाटला. माणिकरावांनी तिची गल्लीभर तारीफ केली. संक्रांतीनंतरच्या बाजारादिवशी ती फळीवर गहू निवडत बसली होती. ऊन स्वच्छ होतं. डाकवाला आला आणि कार्ड सुपाच्या कडेला ठेवून निघून गेला. एरवी तो पाणी प्यायला थांबत असे.

निळा-लाल कागद. सुगड तिचंच. तिने धाडलेलंच कार्ड परत आलं होतं, आणि त्याचा वरचा कोपरा फाडलेला होता.

आमच्याकडे मयताची खबर देणाऱ्या पत्राचा कोपरा फाडतात. वाचता न येणाऱ्यालाही ते पत्र वाचता येतं.

 गयाबाईने गहू निवडून संपवले, सूप आत नेऊन ठेवलं आणि नवऱ्याला म्हणाली, गाडी जोडा.

 नाक्यावरच्या माणसाने हिंदीत विचारलं, काय माल आहे. उद्धवरावांनी रिकामी गाडी दाखवली.

वच्छलाबाईंच्या ओसरीवर दिवा तेवत होता आणि आतून लेकराचा बारीक आवाज येत होता. मुठीएवढी मुलगी. शेजारची एक ओली बाळंतीण तिला पाजत होती. वच्छलाबाईंनी सगळं सांगितलं. मार्गशीर्षातच कुसुमचे पाय सुजले, मग तोंड सुजलं, डोळ्यांपुढे अंधारी यायची. सुईण म्हणाली, हिला उटनूरच्या दवाखान्यात दाखवा, माहेराहून जवळ पडेल. म्हणून तिने गाडी उमटवली. जावई दोन ओळी लिहितो म्हणाला, तर ती म्हणाली, मायला गाडी वाचता येते. संक्रांतीच्या चार दिवस आधी झटके आले. दिवस भरायच्या आधीच बाळ झालं आणि ती गेली. दुसऱ्या दिवशी डाकवाला हे कार्ड घेऊन दारात उभा. घरात कोरं कार्ड नव्हतं. जावयाने त्याच कार्डाचा कोपरा फाडला, पत्ता खोडून नार्नूरचा लिहिला आणि डाकवाल्याच्याच हातात परत दिलं.

"माय येते, माय येते, करत होती शेवटपर्यंत," वच्छलाबाई म्हणाल्या. "आमी पण तुमचीच वाट पाहून राह्यलो. काऊन नाई आल्या, इहीनबाई?"

गयाबाईला दव सांगता आलं असतं, पौष सांगता आला असता, माणिकरावांचं काम सांगता आलं असतं. ती म्हणाली, "तीन गाड्या होत्या. मले वाचता येत होतं."

तेराव्यापर्यंत ती दोघं तिथे राहिली. निघायच्या दिवशी गयाबाईने लेकरू उचललं आणि पदरात घेतलं. वच्छलाबाई दारात आल्या. लेकराला आमी काई नाई म्हणत नाई, त्या म्हणाल्या, तुमचंच आहे, पण चार दिवस थांबा, पौष सरू द्या.

"एक पौष पाळला," गयाबाई म्हणाली. "आता नाई पाळत."

ती गाडीत बसली. उद्धवरावांनी बैल हाकलले. वाटेवरच्या दोन गावांत त्यांनी गाडी थांबवली आणि गयाबाईने दारोदार जाऊन अंगावर पाजणारी बाई शोधली. नाक्यावर तोच माणूस होता. ह्या वेळी त्याने काही विचारलं नाही.

मुलीचं नाव सोजर ठेवलं. ती शेळीच्या दुधावर तगली, पण छातीने कच्ची राहिली. सारखा ताप यायचा.

लोकांना वाटलं, गयाबाई आता शिक्क्याला हात लावणार नाही. पुढच्या मार्गशीर्षात माणिकराव फळीवर आले, खाली बघत. म्हणाले, तुमची मर्जी असेल तरच. गयाबाईने विचारलं, किती. त्यांनी सांगितलं, तेवढीच, दोनशे. घर चालायला दुसरं काही नव्हतं. पुन्हा खोलीभर अबरी पसरली, पुन्हा खळ शिजली. ती शिक्का ठेवायची, उचलायची, दुसऱ्या पानाकडे वळायची. श्वास धरत नव्हती.

मार्गशीर्षाच्या शेवटी सोजरला ताप भरला. गयाबाईने होतं तसं काम टाकलं आणि लेकराला घेऊन उटनूरच्या दवाखान्यात जाऊन बसली. अमावास्येला माणिकराव कार्डं न्यायला आले, तर फळीवर एकटे उद्धवराव. त्यांनी सांगितलं, अर्धीच झाली, आठ दिवस लागतील. माणिकराव बरं म्हणाले आणि परत गेले. आठ दिवसांनी पुन्हा आले तेव्हा लेकरू बरं होऊन बाजेवर झोपलं होतं आणि दोनशे कार्डं दोऱ्याने बांधून ठेवलेली होती. त्यांनी ती डाकेत टाकली.

सगळी संक्रांतीच्या आत पोचली.