गोदामावशीचे काळे दात

गोदामावशीला शिशुवर्गातून मी काढायला लावलं, आणि त्यासाठी एकही खोटा शब्द लिहिला नाही. या दुसऱ्या गोष्टीचा आधार घेऊन मी बरीच वर्षं काढली. आता तो आधार पुरत नाही.

लढाईच्या दिवसांत रहिमतपुरात आम्ही चार शिकलेल्या मंडळींनी तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी वर्ग काढला. पंचविशीतला मी चिटणीस झालो. मुलांना चांगल्या-वाईट सवयी कळाव्यात म्हणून मी आरोग्याचे बारा नियम रचून तक्ता लिहिला. ‘मलिन हस्तांनी अन्नग्रहण वर्ज्य मानावे’ हा त्यातला सर्वांत सोपा. उद्घाटन आमचे अध्यक्ष रावसाहेब यांच्या हस्ते होतं, म्हणून तक्ता रावसाहेबांच्या डोळ्यांच्या उंचीवर टांगला. मुलांना त्याची खालची पट्टी तेवढी दिसे.

गोदामावशी म्हसवडकडची, पलटणीतल्या शिपायाची विधवा. रडणारी मुलं सांभाळायला म्हणून तिला ठेवली होती. शिकवायला दुसरं कोणी मिळेना, तेव्हा तीच शिकवू लागली. तिला मिसरीचं व्यसन. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड घासून घासून तिचे दात चुलीतल्या कोळशासारखे झाले होते. रोज सकाळी ती ओसरीवर बसून मोठा आ करी आणि मुलं रांगेनं आत डोकावत.

“बघा, मिसरीनं काय केलंय! ह्यो दात हलवून बघ. हलतोय का न्हाई?”

“हलतोय!”

“आता तुमचं दात दावा. हात आन् नखं बी.”

एकदा सकू नावाच्या चिमुरडीनं विचारलं, “मावशी, मग तू गं का लावतीस?”

“मला लहानपणी कुणी अडवलं न्हाई. तुमी अडवा.”

मुलांनी ते मनावर घेतलं. मावशीचा हात कमरेच्या चंचीकडे गेला की वीस गळे एकदम ओरडत. ती परसात सटकली, तर दोघं-तिघं मागोमाग जात. मी तिला तक्त्याची आठवण करून दिली, तर म्हणाली, “आवं चिटनीस, चांगली सवय कुणी बी सांगतंय. वाईट सवय दावावी लागती.”

हे लोण घरोघर पोचलं. रजेवर आलेल्या एका हवालदाराला त्याची चार वर्षांची मुलगी नखं बघितल्याशिवाय भाकरीला हात लावू देईना. “पलटणीतला सुभेदार बरा हुता गड्या,” असं तो पारावर सांगत असे.

वर्षाच्या शेवटी समारंभ झाला. साताऱ्याहून पाहुणे आले. ‘निर्व्यसनी बालपण’ या विषयावर मी पाऊण तास बोललो. मुलं झोपली, काही सभासदही झोपले. भाषणानंतर थकवा जावा म्हणून मी तपकिरीची चिमूट ओढली आणि पेढ्याच्या ताटाकडे हात नेला. समोर सकू उभी.

“हात दाव.”

सगळे बघत होते. मी दाखवला.

“बोटं काळी. नाक बी काळं. मावशी, ह्यो बी तुझ्यागतच हाय!”

पाहुणे पोट धरून हसले. मावशीही हसली, पण लगेच पुढं झाली. “रांजणापाशी राख हाय, भाऊ. धुवा आन् खा पेढा. पोरं मला तर रोज हसत्यात.”

मी न धुता, न खाता घरी गेलो. दुसऱ्या दिवशी वहीत शेरा लिहिला: ‘शिक्षिकेस मिसरीचे व्यसन असून ती ते शिशूंसमोर उघड करते. सबब अपात्र.’ सभेत रावसाहेबांनी पानाची पिंक टाकून शेऱ्याला अनुमोदन दिलं. तपकिरीची माझी डबी हातोहात फिरली आणि ठराव एकमतानं मंजूर झाला. मावशी कोरेगावला भावाकडे गेली. नव्या बाईंचे दात स्वच्छ होते. त्यांनी बाराही नियम पाठ करून घेतले. मुलं ते मळक्या हातांनी टाळ्या वाजवत म्हणत.

चार महिन्यांनी मावशीचं कार्ड आलं, कुणाकडून तरी लिहून घेतलेलं. ‘मिसरी सोडली. आता पोरांपाशी बसू द्या.’ ते मी सभेपुढं ठेवलं नाही. ठेवलं असतं तर तपकीर सोडायची पाळी कुणाची, हा प्रश्न आला असता.

गेल्या वर्षी कामानिमित्त कोरेगावला गेलो आणि विचारत विचारत तिच्या दारात पोचलो. ती ओट्यावर शेंगा फोडत होती. दोनच दात उरले होते, तेही काळे. मला ओळखून तिनं घोंगडं अंथरलं आणि आधी विचारलं, “सकूचं दात कसं हायत?”

“चांगले आहेत. तिला आता मुलगा आहे.”

“मी कार्ड धाडलं हुतं. पोचलं न्हाई वाटतं. वरीसभर मिसरी शिवली न्हाई बगा. रोज वाटायचं, आज सांगावा यील. मग म्हटलं, आता अडवाय कोण हाय?”

मी घोंगड्यावर बसलो नाही. उभ्यानंच म्हणालो, “मावशी, कार्ड पोचलं होतं. मी ते कुणाला दाखवलं नाही. मिसरीसाठी तुम्हाला काढलं नव्हतं. सकूनं चारचौघांत माझं नाक दाखवलं, त्याचा राग मी तुमच्यावर काढला. मुलांपासून तुम्हाला मी तोडलं. माझं चुकलं. मला माफ करा.”