काटा अर्धंच सांगतो

"आधी पाज. मी बघते," असं गिरिजाबाई बाळंतिणीला म्हणायच्या आणि लेकरू पीत असताना त्याच्या कपाळावरून बोट फिरवायच्या. ताप बघायला नव्हे, घाम बघायला. मग बोट पदराला पुसून पुढच्या घरी.

चाकूर तालुक्यातल्या आमच्या गावात त्या अंगणवाडीच्या बाई. दहावी नापास. कपाळाला विभूती, खांद्यावरच्या पिशवीत वजनाचा काटा. मी बीएस्सी, घराण्यात पहिलाच. त्याचा मला गर्व होता आणि बाईंना तो पुरता ठाऊक होता. "काय बीएस्सी, घरीच हाईत का?" असं ओरडत त्या दारात यायच्या.

माझी स्वरा दीड महिन्याची असताना त्याच पहिल्यांदा म्हणाल्या, "पोरगी दोन घोट घेती, थांबती, धापा टाकती. पंखा चालू हाय अन् कपाळ ओलं. लातूरला दाखवा."

"गरमी आहे, बाई."

"गरमी तुमाला बी हाय. तुमचं कपाळ कोरडं हाय की!"

लातूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाला मोठं छिद्र आहे, हृदय थकत चाललंय, अंगात पाणी साठतंय. ऑपरेशन मुंबईला होईल, सरकारी योजनेतून. पण त्याआधी वजन पाच किलो भरलं तर बरं. तोवर लघवीवाटे पाणी उतरवणारं औषध रोज, न चुकता.

औषध सुरू झालं आणि वजन उतरलं. मी हादरलो. दर सोमवारी झोळीत घालून वजन करणाऱ्या बाई मात्र खूश. "उतरू द्या. नुसतं पाणी गेलं. पोरगी लई मजेत पिऊ लागली आता. काटा अर्धंच सांगतो, बीएस्सी. बाकीचं लेकराकडं बघून कळतं."

मला तो अडाणीपणा वाटला. मुंबईची तारीख मिळाली होती आणि वजन पाचाला थोडंच कमी होतं. मी डोकं चालवलं. औषधानं वजन जातं ना, मग औषधच थांबवू. तारखेच्या आठवडाभर आधी बंद केलं. बायकोला सांगितलं, डॉक्टरांशी बोललोय. बोललो नव्हतो.

वजन सरसर चढलं. पुढच्या सोमवारी काटा पाचावर गेला आणि मी टाळी वाजवली. बाई काट्याकडं बघतच नव्हत्या. स्वराच्या पापण्या सुजल्या होत्या. बायको आत गेल्यावर त्यांनी हळूच विचारलं, "औषध?"

"बंद केलंय."

"कुणाला इचारून?"

मी स्वराला झोळीतून उचलून घेतलं.

"हे अंग न्हाई, पाणी हाय. लेकरू आतल्या आत बुडाय लागलंय. आत्ताच्या आत्ता लातूर गाठा."

"परवा मुंबईलाच निघायचंय. तुम्ही वजन करा, बाई. बाकीचं मी बघतो."

दुसऱ्या दिवशी सकाळी, लातूरच्या रस्त्यावर, जीपमध्ये, स्वरा गेली.

बालमृत्यूची चौकशी झाली. तालुक्याहून आलेल्या साहेबांनी विचारलं, औषध नियमित चालू होतं का? शेजारी बायको बसली होती. मी म्हणालो, "होतं." बाईंनी मान वर करून माझ्याकडं पाहिलं आणि परत खाली घातली. धोका वेळेत कळवला नाही म्हणून नोटीस त्यांना आली. गावानं बोलायचं ते बोलून घेतलं. बायांनी त्यांच्या हाती लेकरू देणं सोडलं. वर्षाच्या आत काम सोडून बाई उदगीरला लेकीकडं गेल्या.

पुढं मी उदगीरला जाऊन सगळं कबूल केलं. त्या शेंगा फोडत ऐकत होत्या.

"तेव्हाच का नाही सांगितलंत?" मी विचारलं.

"लेकरू गेलेल्या मायसमोर तिच्या नवऱ्याचं नाव घेऊ व्हय? तुमचं तुमी घ्यायचं होतं."

"आता लिहून देतो साहेबांना."

"साहेबाचं काय गेलं? बायकूला सांगितलंत का?"

"नाही."

"मंग इथं कशाला आलाव?" त्यांनी चहा मागवला, पिल्याशिवाय उठू दिलं नाही. मग परत शेंगा फोडायला घेतल्या.

गेल्या पौषात बाई वारल्या. बायकोला मी अजून सांगितलेलं नाही. हे लिहून झालं की कागद तिच्या हातात देणार आहे.