डबा घेऊन बसायची जागा

आमच्या जळगावातून कोणी युरोपला निघालं, की ओळखीचे लोक त्याला माझ्याकडे धाडतात. मी मनोरे आणि राजवाडे सांगत बसत नाही. ते कॅलेंडरवर बघा म्हणते. मी त्यांना दारू प्यायच्या तीन जागा सांगते. समोरचा माणूस मग मला वर-खाली न्याहाळतो, कारण मी थेंबाला शिवत नाही हे त्याला सांगूनच पाठवलेलं असतं.

नव्वदच्या दशकात मी इथल्या एका फळप्रक्रिया कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला होते. केळीचा गर डबाबंद करायची नवी यंत्रं इटलीहून यायची होती आणि ती शिकून यायला कारखान्याने मला तिकडे पाठवलं. आई धुळ्याहून मला निरोप द्यायला आली. शेंगदाण्याची चटणी, ज्वारी-उडदाचं कळण्याचं पीठ, लोणचं असं सगळं तिने पिशवीत कोंबलं आणि गाडी हलताना एवढंच म्हणाली, "पाचवं शील ध्यानमा ठेवजो."

पाचवं शील म्हणजे मद्यापासून दूर राहण्याचं. आमच्या घरात त्या शिलाची एक वेगळीच कथा होती.

बाबा धुळ्यात सरकारी कचेरीत कारकून होते. कचेरी सुटली की ते घरी येत नसत, हायवेलगतच्या एका परमिट रूममध्ये जात. शिवीगाळ नाही, मारझोड नाही, पगारही आईच्या हातात नेमाने पडायचा. फक्त माणूस संध्याकाळचा आमचा नसायचा. घरी आले की ताटाकडे न बघता अंथरुणावर पडायचे आणि आईने झाकून ठेवलेली भाकरी सकाळी म्हशीवाल्याच्या टोपलीत जायची. त्या परमिट रूमच्या दाराला जाड हिरवा पडदा होता. आई बाजाराला जाताना तो रस्ता टाळून लांबून जायची. पडद्यामागे गाणीबजावणी असेल, हास्यविनोद असेल, कदाचित बायाही असतील, असं तिने मनाशी धरलं होतं. घरात जे मिळत नाही ते तिथे मिळत असणार, नाहीतर माणूस रोज कशाला जाईल, हा तिचा साधा हिशोब होता.

रविवारी मात्र बाबा न चुकता विहारात यायचे, पांढराशुभ्र सदरा घालून. सगळ्यांबरोबर पंचशील म्हणायचे. चार शिलं खणखणीत आवाजात म्हणायचे आणि पाचव्यापाशी त्यांचे ओठ मिटायचे. जे पाळत नाही ते तोंडाने कशाला म्हणायचं, असं त्यांना वाटत असावं. विहारात पिणारे आणखीही होते, पण ते सगळे पाचवं शील ठणठणीत म्हणत. शेजारी उभ्या आईचा जीव त्या वेळी अर्धा व्हायचा. नवऱ्याची शांतता लोकांच्या कानावर पडू नये म्हणून ती पाचवं शील सगळ्यांत मोठ्याने म्हणायची. घरी आल्यावर तिचा राग बाहेर पडे. चारचौघांसारखं तोंड हलवायला काय जातं तुमचं, असं ती म्हणायची. शेवटी यकृताने दगा दिला. मी परदेशी जायच्या काही वर्षं आधी ते गेले.

अशा घरातली मी. इटलीत गेल्यावर पहिल्याच शनिवारी आमच्या प्रशिक्षिका बाईंनी मला व्हेनिसला एका वाइन बारमध्ये नेलं तेव्हा मी आधी दाराचा पडदा शोधला. पण तिथे पडदा नव्हता. पाण्याच्या कडेला एवढंसं दुकान, काउंटरवर पावाच्या तुकड्यांवर मासळी मांडलेली. माणसं उभ्या उभ्या छोट्या पेल्यातली वाइन पीत होती, दोन गोष्टी बोलत होती आणि कामाला निघून जात होती. त्या छोट्या पेल्याला तिकडे सावली म्हणतात. पूर्वी घंटाघराच्या सावलीत वाइनच्या गाड्या लागत म्हणून तसं म्हणतात, असं बाई म्हणाल्या. मी संत्र्याचा रस घेऊन दाराशी उभी राहिले. कोणी झिंगलेलं दिसतं का बघत होते, पण तसं कोणी दिसलं नाही.

पुढे कामासाठी बाईंबरोबर व्हिएन्नाला गेले. तिथे शहराच्या कडेला द्राक्षमळे आहेत आणि मळेवाले आपली नवी वाइन आपल्याच अंगणात विकतात. विक्री सुरू असली की दारावर पाइनची हिरवी फांदी टांगतात. लांब बाकांवर आजोबा, सुना, शाळकरी पोरं, सगळं घर बसलेलं. मला ती फांदी बघून आमच्या धुळ्याचा हिरवा पडदा आठवला. दोन्ही हिरवेच, पण एक ‘या’ म्हणणारी आणि दुसरा ‘बघू नका’ म्हणणारा. खरं सांगते, मला त्या लोकांचा राग आला. एवढी सोपी गोष्ट होती तर आमच्या घराला ती का साधली नाही?

आणि तिसरी जागा इटलीतच, बोलोन्या शहरातली. बाजारगल्लीतलं खूप जुनं, कळकट, लाकडी टेबलांचं दुकान. तिथे फक्त वाइन मिळते, खायला काही नाही. जेवण ज्याने त्याने आपलं आणायचं. कोणी बाजारातून पाव-चीज आणतं, कोणी घरून डबा. एक म्हातारी नवऱ्यासमोर बसून डब्यातलं त्याच्या ताटलीत वाढत होती. तो वाइन पीत होता, ती पाणी पीत होती. मागच्या टेबलांवरच्या बायांसकट मी फोटो काढला.

परत आल्यावर धुळ्याला गेले आणि आईपुढे फोटो ठेवले. मनोरे, पूल, कारंजी तिने भराभर सरकवली. त्या म्हातारीच्या फोटोवर मात्र थांबली.

"ह्या बठ्ठ्या बाया दारूना दुकानमा बसेल शेत?"

मी हो म्हटलं.

"आनि डबा घरथून लई जातस?"

मी पुन्हा हो म्हटलं. तिने त्या म्हातारीच्या डब्यावर बोट ठेवलं. मग म्हणाली, "आपला धुळामा आशी जागा पाहिजे व्हती." अशी जागा असती तर ती रोज डबा घेऊन बाबांसमोर बसली असती, निदान दोन घास त्यांच्या पोटात गेले असते, असं ती बोलत राहिली आणि बोलता बोलता रडायला लागली. बाबा गेले तेव्हाही ती इतकी रडली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठून बघते तर तिने वांगी भाजायला ठेवलेली. भरीत केलं, कळण्याच्या भाकरी थापल्या, डबा भरला. पांढरं लुगडं नेसून माझ्यापुढे उभी राहिली. "माले तठे ली चाल."

कुठे, ते विचारायची गरज नव्हती. मी नाही म्हणाले. मला भीती होती की ज्या मौजेची तिने एवढी वर्षं कल्पना केली ती तिथे खरोखर दिसली तर तिला ते सोसणार नाही. पण आईपुढे माझी कधी डाळ शिजली नाही. दुपारी आम्ही रिक्षा केली.

पडदा तोच होता, फक्त विटलेला. आत ट्यूबलाइट, ओल्या फडक्याचा वास, चारदोन गिऱ्हाईकं. म्हातारा वेटर धावत आला आणि आम्हाला फॅमिली रूम दाखवायला लागला. आईने बाबांचं नाव सांगितलं. तो चपापला, मग त्याने हात जोडले.

"त्या कोठे बसेत?" आईने बाबांबद्दल विचारलं.

त्याने कोपऱ्यातलं टेबल दाखवलं. खुर्चीचं तोंड भिंतीकडे होतं. साहेब कायम भिंतीकडेच तोंड करून बसायचे, तो म्हणाला.

"कोनासंगे बोलेत का?"

"नाही अक्का. कोनाशीच नाही. खायलापन मागायचे नाहीत."

आई त्या खुर्चीत बसली. समोर ओल आलेली भिंत, तिच्यावर एक रिकामा खिळा, दुसरं काही नाही. तिने डबा काढला तसा गल्ल्यावरचा माणूस तिथूनच ओरडला की बाहेरचं खाणं चालणार नाही. आईने मान न वळवता उत्तर दिलं, "हाई बाहेरनं नही, भाऊ. घरनं शे." तो पुन्हा नोटा मोजायला लागला.

तिने भाकरी मोडली, पण घास तोंडात घातला नाही. भिंतीकडे बघत म्हणाली, "माले वाटे, तठे बठ्ठं काही शे. अठे ते काहीच नही शे." मग, माझ्याशी नव्हे, स्वतःशीच म्हणाली, "मी त्यासले एकलंच ऱ्हाऊ दिधं."

तसं नाही, तुझा काय दोष, असं मी खूप काही बोलले. तिच्या कानात त्यातलं काही शिरलं असेल असं वाटत नाही. भरीत-भाकरी तिने वेटरच्या हातात दिली आणि आम्ही घरी आलो.

त्या रविवारी मी तिच्यासोबत विहारात गेले. ती बाबांच्या नेहमीच्या जागेवर उभी राहिली, मी तिच्या शेजारी. शिलं सुरू झाली. आई पहिली चार नेहमीसारखी स्पष्ट म्हणाली. पाचव्यापाशी तिचे ओठ मिटले. जन्मात जिने दारूचा थेंबही चाखला नाही ती बाई खाली मान घालून गप्प उभी राहिली, बाबा राहायचे तशी. पुढच्या रांगेतल्या दोघीतिघींनी वळून बघितलं.

मी आवाज चढवला आणि पाचवं शील सगळ्यांत मोठ्याने म्हटलं.