पंखवाल्या घोरपडीचे वाटे

माझ्या दोन पोरांत भाऊबंदकी झाली ती एका कुऱ्हाडीवरून, आणि ती कुऱ्हाड जगात कुठेच नव्हती.

जमिनीवरून झाली असती तर मी समजून घेतलं असतं. बांधावरून झाली असती तर मी स्वतः मध्ये पडून ती वाढवली असती! (आमच्या मखमलाबादकडे बांधावरून न भांडणारा माणूस एकतर पाहुणा असतो, नाहीतर मेलेला.) पण ही कुऱ्हाड होती कॉम्प्युटरातली. हात लावायला गेलं तर काचेला बोट लागायचं.

झालं असं की थोरल्या संतोषनं आमच्या रस्त्याकडच्या गाळ्यात सायबर कॅफे काढला होता. आधी त्या गाळ्यात मी कोथिंबिरीच्या जुड्या बांधायचो. जुड्या गेल्या, कॉम्प्युटर आले, वास मात्र बरीच वर्षं कोथिंबिरीचाच येत होता. तर या कॅफेत संतोष, धाकटा किरण आणि थोरली सून मनीषा असे तिघं एक खेळ खेळायचे. गावोगावची माणसं तारेवरून एकत्र यायची, टोळी करायची, राक्षस मारायची आणि त्याच्या अंगावर सापडेल ते आपसात वाटून घ्यायची. टोळीला ते गिल्ड म्हणत. मी म्हणायचो, दरोडेखोरांची सोसायटी. चेअरमन आमचा संतोष!

एकदा कुठल्याशा राक्षसाकडे ती कुऱ्हाड सापडली. चेअरमनसाहेबांनी ती स्वतःच ठेवून घेतली. किरण म्हणाला, "ती माझी होती." संतोष म्हणाला, "पुढं उभा राहून मार मी खातो." किरण म्हणाला, "मार खायला कुऱ्हाड कशाला लागते? गाल लागतो." झालं! त्या दिवसापासून बोलणं बंद.

जेवताना मध्ये आमच्या हिचा टपाल खात्यासारखा वापर सुरू झाला.

"आई, त्याला सांग, ठेच्याची वाटी सरकव."

"आई, त्याला सांग, हात आहेत ना त्याला? का तेपण कोणी ढापले?"

पुढं किरणनं जाहीर केलं, की तो सिडकोत खोली बघतोय, वेगळा राहणार. लग्न ठरायच्या आधीच वेगळा! तेव्हा मात्र ही पदर डोळ्याला लावून माझ्यापुढं येऊन बसली.

"अहो, काहीतरी करा. एका आईची लेकरं लाकडाच्या दांड्यापायी तुटायची वेळ आली."

"दांडापण नाय त्याला," मी म्हणालो. "नुसता फोटो हाय."

पण मनातून मी खूश होतो. कारण वाटप हा माझा प्रांत! मी चौथी शिकलो (तीही मास्तर कंटाळले म्हणून), पण आखाडात आमच्या गल्लीत भागीचा बोकड पडला की वाटे कोणाला करायला बोलवायचे? मला. वकील राहतो गल्लीत, इंजिनीअर राहतो, त्यांना नाही बोलवत. काटा नको, वजन नको, नुसत्या नजरेवर सारखे ढीग लावायचे. मग एका माणसाला पाठमोरा बसवायचा. आपण ढिगावर हात ठेवून विचारायचं, "हा कोणाचा?" त्यानं न बघता नाव घ्यायचं. ज्याचं नाव, त्याचा वाटा. नळी आली त्याची, चरबी आली त्याची. कुरकुर करायची नाही. या पद्धतीनं आमची गल्ली इतकी वर्षं एकत्र मटण खातेय, आणि यांची सोसायटी एका कुऱ्हाडीत फुटली!

मी कॅफेत जाऊन दोघांच्या मध्ये उभा राहिलो आणि हुकूम सोडला, "इथून पुढं वाटे मी करणार."

"नाना, तिथं गरज बघून द्यायचं असतं," संतोष म्हणाला. "कोणाला काय लागतं ते बघून."

"मटणाची गरज कोणाला नसती रे?"

"नाना, एकदा दिलेली वस्तू त्याच्याच अंगाला चिकटते," मनीषानं हळूच सांगितलं. "परत घेता येत नाही, बदलता येत नाही."

"मटण तरी कुठं परत येतं?"

तेवढ्यात स्पीकरमधून नामपूरचा बापू बोलला. हा कांद्याचा व्यापारी, टोळीतला सगळ्यात दांडगा पैलवान. "नाना खरं म्हणतस. वाटणारा माणूस तिऱ्हाईतच पाहिजे." टोळीतले बाकीचेही या भावांच्या भांडणाला इतके विटले होते, की सगळे हो म्हणाले. (त्या बिचाऱ्यांनी मला कधी पाहिलेलं नव्हतं, हे त्यांच्या बाजूनं सांगायला पाहिजे.)

आता वाटप करायचं तर टोळीबरोबर हजर पाहिजे. मनीषाचा खेळातला एक जुना, वापरात नसलेला गडी पडून होता, तो मला मिळाला. बुटका, दाढीवाला, ढेरपोट्या.

"नाना, अगदी तुमच्यासारखाच आहे," ती म्हणाली.

मला दाढी नाही. मी विषय वाढवला नाही.

रविवारी दुपारी, भारनियमनाची वेळ चुकवून, शटर अर्धं खाली ओढून सगळे बसले. शिकार होती ड्रॅगनची. ड्रॅगन म्हणजे काय, तर पंख फुटलेली घोरपड. पण आमच्या गाळ्याएवढं डोकं! संतोषनं दमात घेऊन सांगितलं, "नाना, तुम्ही गुहेच्या दाराशी थांबा. कशाला हात लावू नका." मी लावला नाही. फक्त माऊस जरा सरळ ठेवला. तर माझा ढेरपोट्या तुरुतुरु पळत सुटला आणि थेट घोरपडीच्या तोंडापुढं जाऊन नाचायला लागला!

"नाना, मागे या!"

"मागं कुठलं बटन?"

"नाना, नाचू नका!"

"मी कुठं नाचतोय? तोच नाचतोय!"

मग लय मोठा जाळ झाला आणि माझा पडदा राखेच्या रंगाचा झाला. मी मेलो हे मला सुनेनं सांगितलं. माझ्या मागून आणखी चार जण मेले, ते म्हणे मला आणायला आले होते. तरी पोरं लढली. मनीषा दवापाणी करत होती, संतोष मार खात होता, किरण मागून कापत होता, बापू नामपुरातून ओरडत होता. शेवटी घोरपड आडवी झाली. गाळ्यात टाळ्या! पहिल्यांदाच पडली होती म्हणे ती, महिनोन् महिने खपले होते तिच्यापायी. मनीषानं मंत्र म्हणून मला जिवंत केलं. (सासऱ्याला जिवंत करणारी सून मिळायला नशीब लागतं.) आणि मी वाटे करायला बसलो.

पाठमोरी कोण बसवायची? मी हिला बोलावली. हिला त्या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं, म्हणजे माणूस अगदी लायक! ती शटरकडं तोंड करून मेथी निवडत बसली. टोळीतल्या सगळ्यांची नावं तिला पाठ करून दिली.

पहिली वस्तू निघाली, लोखंडाची ढाल. दरवाजाएवढी.

"हा कोणाचा?"

"मनीषाचा," ही म्हणाली.

"अहो आई!" मनीषा किंचाळली. "मी दवावाली, मला ती उचलणारसुद्धा नाही!"

मी माऊसनं तिच्या नावावर टिचकी मारली. ढाल मनीषाला चिकटली. दुसरा निघाला रेशमी झगा, जांभळा, चांदण्या लावलेला. दवा करणाऱ्याची ताकद वाढवणारा म्हणे.

"हा कोणाचा?"

"त्या नामपूरच्या बापूंचा."

"नाना!" स्पीकर फाटायचा बाकी राहिला. "माले याना काय उपेग शे? मी काय नाचाले जाऊ का?"

"वाटा झाल्यावर बोलायचं नसतं, बापू!" मी टिचकी मारली. दांडगा पैलवान चांदण्यांचा मालक झाला.

मग निघाली तलवार. ही मात्र किरणच्या कामाची. किरण खुर्चीतून अर्धा उठला. संतोष मुद्दाम छताकडं बघायला लागला. मी पडद्यावरच्या तलवारीवर बोट ठेवून विचारलं, "हा कोणाचा?"

हिनं मेथीची काडी मोडली, विचार केला आणि म्हणाली, "किरणला मागच्या खेपेला काही मिळालं नाही ना हो? द्या त्याला."

असं ठरवून दिलेलं पद्धतीत बसत नाही! पाठमोऱ्यानं आंधळं नाव घ्यायचं असतं, दया करायची नसते. मी तत्त्वाचा माणूस. म्हणालो, "हे नाव बाद. दुसरं घे."

"मग संतोष," ती फणकाऱ्यानं म्हणाली.

टिचकी!

किरण मटकन खाली बसला. आणि गंमत म्हणजे संतोषसुद्धा ओरडला, "नाना, माझ्याकडे आहे ना कुऱ्हाड! मला तलवार चालतच नाही! त्याला द्यायची होती!"

हे वाक्य कोणी नीट ऐकलं नाही. कारण शेवटची वस्तू निघाली होती. घोरपडीचं मुंडकं.



"नाना," संतोष अगदी हळू, वेड्याला समजवावं तसा म्हणाला, "याला हात लावू नका. हे मी नेऊन वेशीवर टांगणार. मग सगळ्या टोळीला इनाम मिळतं. सगळा खटाटोप याच्यासाठीच होता."

आता खरं सांगतो, तोवर माझं डोकं तापलं होतं. कोणी शाबास म्हटलं नव्हतं. सगळे आपले मलाच ओरडत होते. आणि आमच्याकडचा कायदा सरळ आहे: मुंडी वाटे करणाऱ्याची! बाप-आज्यापासून चालत आलंय. मी आयुष्यात कधी हक्काची मुंडी सोडलेली नाही.

"हे वाटपाचं मानधन," मी म्हणालो आणि स्वतःच्या नावावर टिचकी मारली.

मुंडकं माझ्या पिशवीत गेलं.

मनीषानं कपाळाला हात लावला. तिनं सांगितलं, की तिच्या या जुन्या गड्यानं असलं मुंडकं दुसऱ्याच एका टोळीबरोबर कधीतरी वेशीवर टांगलेलं होतं, आणि खेळ एका गड्याला ते एकदाच टांगू देतो. म्हणजे आता ते टांगता येईना, कोणाला देता येईना. नुसतं पिशवीत जागा अडवून बसणार! चुलीवर भाजायचीही सोय नाही.

तेव्हा किरणनं खुर्ची वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा भावाच्या तोंडाकडं बघितलं.

"दादा, नानांना टोळीतून काढ."

"काढतोय रे. बटन सापडेना."

"डावीकडं. नाही, खाली. थांब, मी दाखवतो."

किरण उठून संतोषच्या खुर्चीमागं जाऊन वाकला. दोन डोकी एका पडद्यापुढं आली. दोघांनी मिळून मला काढलं. टिचकी कोणी मारली माहीत नाही, दोघांचा हात माऊसवर होता.

ही मेथी टाकून वळली. "बोलली हो! पोरं बोलली!" डोळ्यात पाणी. सिडकोची खोली त्याच दिवशी बारगळली, आणि दोघं भाऊ एका मोटरसायकलवर बसून मिसळ खायला गेले. मला विचारलंसुद्धा नाही.

मी दोन दिवस सगळ्यांना सांगत फिरलो, की हे मी मुद्दाम केलं. भाऊ एक करायचे तर त्यांना एक शत्रू द्यावा लागतो, हे शिकलेल्यांना कळत नाही. हिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढी अक्कल होती तर मग परत घ्या म्हणावं टोळीत."

मागे हटणारा मी नव्हे! मी रीतसर अर्ज केला, तोंडी. संतोष म्हणाला, "नाना, आपण मतदान घेऊ. सगळ्यांना हक्क, तुम्हालासुद्धा." पडद्यावर दोन चौकोन आले, 'घ्यावं'चा हिरवा, 'घेऊ नये'चा लाल. बापूनं दाबलं, मनीषानं दाबलं, पोरांनी दाबलं, मीही छाती काढून दाबलं.

निकाल लागला: मला घेऊ नये, बिनविरोध. त्यात माझंही मत होतं. हिरवा कोणता, ते मी चष्मा लावून बघायला हवं होतं!